मालवण ते निवती: वाटेत दुधाळ झालेलं गिअर ऑइल

मालवण जेटीवरून निघून देवबागच्या मुखासमोरून भोगवे आणि तिथून निवती, असा साधाच बेत होता. मित्राची फायबर होडी, मागे 40 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन. डिसेंबरातला समुद्र सकाळी शांत असतो, पण दुपारनंतर वारा उठतो, म्हणून उजाडतानाच निघालो. जाणाऱ्यांनी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच निघावं. कर्ली नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे आणि ओहोटीला तिथे लाटा फुटतात. किल्ले, डॉल्फिन, भोगव्याचा किनारा याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, ते सोडतो.

निवतीला नांगर टाकल्यावर इंजिनाच्या पंख्याभोवती (प्रोपेलरभोवती) पाण्यावर तेलाचा सप्तरंगी तवंग दिसला. होडी वाळूवर ओढून लोअर युनिटचा, म्हणजे इंजिनाच्या पाण्यात बुडणाऱ्या गिअरच्या भागाचा, खालचा स्क्रू सैल केला, तर आधी पाणी आणि मागून पांढरट तेल. तांडेलमामा (तांडेल म्हणजे होडीचा मुख्य नाविक) म्हणाले, "ह्या दूध झाला रे!" म्हणजे तेलात पाणी मिसळलं होतं. स्केगवर, म्हणजे पंख्याखालच्या पात्यावर, खडपाला (खडकाला) घासल्याचे ओरखडे होते आणि रंगात केसासारखी रेघ. तडा तिथेच, वेल्डिंग मारू, यावर सगळ्यांचं लगेच एकमत झालं.

इथेच लोक फसतात. स्केग बहुतेक भरीव असतो. तेल असतं त्याच्या वर, गिअरच्या फुगीर भागात. पात्याच्या टोकाला गेलेली रेघ तिथपर्यंत पोचत नसेल, तर तेलात पाणी तिथून आलेलं नाही. दुधाळ तेलाचं नेहमीचं कारण तडा नसतोच. पंख्यामागे गुंडाळली गेलेली मासेमारीची तंगूस (नायलॉनचा दोरा) शाफ्टचं, म्हणजे पंख्याच्या आसाचं, सील कापते, किंवा ड्रेन स्क्रूचा (तेल काढायच्या खालच्या स्क्रूचा) जुना वॉशर गळतो. म्हणून आधी पंखा काढून बघा.

आम्ही तिथेच तेल बदललं. एवढ्या इंजिनात अर्ध्या लिटरच्या आसपास बसतं. ते खालच्या भोकातून दाबून भरायचं, वरच्या भोकातून वाहू लागलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालचा. वरून ओतलं तर हवा अडकते. मरीन गिअर ऑइलची बाटली, दोन्ही स्क्रूंचे नवे वॉशर आणि भरायचा हातपंप सोबत असू द्या, वाटेत मिळणार नाही. परतीला किनाऱ्याच्या आतून, कमी आरपीएमवर आलो.

खरं निदान मालवणला झालं. वरच्या भोकात नळी बसवून, प्रेशर गेज लावलेल्या सायकलच्या पंपाने आधी 3-4 पीएसआय, मग 10 पर्यंत हवा भरली. 15 च्या वर जाऊ नका, चांगली सीलंसुद्धा उलटतात. शाफ्ट हाताने फिरवत साबणाचं पाणी मारलं. स्केगवर एक बुडबुडा नाही. बुडबुडे आले पंख्यामागे, जिथे बेअरिंग कॅरियर (शाफ्टचं बेअरिंग धरणारा भाग) केसमध्ये, म्हणजे लोअर युनिटच्या ॲल्युमिनियमच्या कवचात, बसतो त्या कडेला. रंग खरवडून लाल डाय पेनेट्रंट (तड्यात मुरणारा द्रव) लावला, थोड्या वेळाने फडक्याने पुसला (क्लीनर फडक्यावर मारायचा, थेट धातूवर नाही), वर तड्यातला लाल रंग बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर. लाल रेघ स्पष्ट उमटली.

कारण खडप नव्हतंच. कॅरियर आणि केसमधल्या फटीत खारं पाणी साचून ॲल्युमिनियमचा पांढरा क्षार तयार झाला होता. तो फुगतो आणि आतून केस फोडतो. मागच्या वेळी ग्रीस न लावता कॅरियर बसवला गेला असणार, कारण काढताना पुलरही (ओढून काढायचं हत्यार) हार मानत होता.

वेल्डिंग कुडाळला, सुमारे 30 किलोमीटरवर. आर्गॉन वेल्डिंगच करा आणि रॉड 4043 चा (ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा) मागा. गिअर, बेअरिंग, सील सगळं काढूनच केस न्या. कास्टिंगमध्ये तेल आणि मीठ मुरलेलं असतं, पहिला टाका फेसाळतो. तो घासून काढून पुन्हा मारावा लागतो, कारागीर कुरकुरला तरी. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायला लावा, नाहीतर तो पुढे धावतो. वेल्ड थंड झाल्यावर कॅरियर हाताने सरकतो का ते तिथेच बघून घ्या. उष्णतेने गोलाई बिघडते. तडा बेअरिंगच्या बैठकीत शिरला असेल, तर माझ्या मते वेल्डिंगवर पैसे घालू नयेत, जुनी चांगली केस शोधावी. इपॉक्सी पुटी फक्त घरी पोचण्यापुरती, तीही धातू पूर्ण कोरडा आणि तेलमुक्त असेल तरच.

बसवताना नवी सीलं, नवी ओ-रिंग, कॅरियरला सगळीकडून मरीन ग्रीस, आणि मग पुन्हा तीच हवेची चाचणी. झिंकचा ॲनोड (इंजिनाऐवजी स्वतः गंजणारा तुकडा) झिजला असेल तर बदला, त्यावर रंग मारू नका. तांब्याचा शेवाळरोधक रंगही या इंजिनाला नको. पहिल्या फेरीनंतर होडी रात्रभर उभी ठेवून सकाळी खालचा स्क्रू जरासा सैल करा. पाणी शिरलं असेल तर तेच आधी बाहेर येईल.