गाडी उभी असते तेव्हा

मी ट्रक चालवत होतो हे कळले की बहुतेक जण आधी अपघातांबद्दल विचारतात, आणि थोडी ओळख वाढली की दुसरा प्रश्न येतो : "पण गाडी उभी असते तेव्हा दिवसभर तुम्ही करता तरी काय?" लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात नंबर येईपर्यंत, मुलीच्या सासरी चहा पिताना हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे, की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून काढावे असे वाटले. विचारणाऱ्याच्या मनात सहसा दोनच चित्रे असतात. एक तर ड्रायव्हर ढाब्याच्या बाजेवर घोरत पडलेला असतो, नाही तर नको त्या उद्योगात असतो. दोन्ही चित्रे अगदीच खोटी आहेत असे मी म्हणणार नाही, पण त्यांतून आमचा वेळ कसा जातो हे कळत नाही.

माझी बरीच वर्षे कोल्हापुरातून गूळ घेऊन गुजरातेत आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्रींचे कास्टिंग, म्हणजे ओतीव धातूचे भाग, घेऊन बेंगळुरू-चेन्नईकडे जाण्यात गेली. आता मी शिरोलीजवळ एका ट्रान्सपोर्टच्या कार्यालयात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहितो, त्यामुळे गाडीत बसून वाट पाहणारा आणि त्याला वाट पाहायला लावणारा, या दोघांच्याही जागेवरून हा वेळ मी पाहिला आहे.

कायद्याने पाहिले तर आमच्या विश्रांतीची सोय फार जुनी आहे. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास काम, शिवाय सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची सुटी असे लिहिलेले होते; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. रस्त्यावर मात्र ड्रायव्हरचा मोकळा वेळ घड्याळाने येत नाही, तो गेटवर येतो. कोल्हापूरहून बेंगळुरू सहाशे किलोमीटरहून थोडे अधिक. संध्याकाळी निपाणी मागे टाकली की रात्रभर चालवून सकाळी तुमकूरच्या पुढे पोहोचता येते. शहरात जड वाहनांना दिवसा ठरावीक वेळी बंदी असल्याने नेलमंगलाच्या अलीकडे थांबावे लागते. मग कारखान्याच्या गेटवर नंबर लावायचा, आधीच्या गाड्या खाली होईपर्यंत थांबायचे, हमाल जेवायला गेले असतील तर ते परत येईपर्यंत थांबायचे, माल उतरला की पोच मिळेपर्यंत थांबायचे, आणि त्यानंतर परतीचे भाडे, म्हणजे येताना न्यायचा माल, मिळेपर्यंत, मग तो एक दिवस असो की तीन, पुन्हा थांबायचे.

म्हणजे वेळ भरपूर असतो. फक्त तो कधी संपणार हे कोणी सांगत नाही. गेटवरच्या माणसाला विचारले तर तो "बस, अर्धा तास" म्हणतो, आणि त्या अर्ध्या तासाची संध्याकाळ होते; उलट "आज काही होत नाही" असे ऐकून एखादा आंघोळीला गेला, की तो अंगाला साबण लावून उभा असतानाच त्याच्या गाडीचा नंबर पुकारला जातो. हाकेला गाडी जागेवर लावली नाही तर मागची गाडी पुढे जाते आणि दिवस वाया जातो. म्हणून ड्रायव्हर मोकळ्या वेळात अशीच कामे करतो, जी मध्येच टाकून उठता येतात. आमच्या सगळ्या करमणुकीचे आणि सवयींचे मूळ या एका गोष्टीत आहे, असे माझे मत आहे.

पहिला वेळ जातो तो गाडीवर. माल बसला की दोर ढिले पडतात, ते पुन्हा ताणून बांधायचे. गूळ भरलेला असेल तर ताडपत्रीकडे लहान मुलाकडे द्यावे तसे लक्ष द्यावे लागते, कारण गूळ हवेतली ओल ओढून घेतो आणि एका कोपऱ्यातून पाणी शिरले तरी खालचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, पाघळून पोती चिकट होतात. त्यानंतर टायर. टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन प्रत्येक टायरवर एक ठोका मारायचा. हवा बरोबर असेल तर टॉमी उडून परत येते आणि आवाज टणक येतो, कमी असेल तर तो बसका येतो. मागच्या जोडटायरांच्या सांदीत दगड अडकलेला असतो, तो काढणे हे माझे सर्वांत आवडते काम होते. ऐकायला विचित्र वाटेल, पण उन्हात उकिडवे बसून, टॉमीचे टोक त्या दगडाखाली घालून, तो थोडा थोडा हलवत बाहेर काढण्यात माझा कितीतरी कंटाळा निघून गेलेला आहे. तो दगड तसाच राहिला तर टायर कापतो आणि वेगात सुटला तर मागून येणाऱ्याची काच फोडतो, त्यामुळे करमणूक आणि कर्तव्य एकाच वेळी उरकते.

झोपेबद्दल लोकांचा गैरसमज मोठा आहे. रात्री गाडी चालवणाऱ्याला दिवसा झोप हवी असते, आणि दिवसा तापलेल्या पत्र्याच्या केबिनमध्ये ती लागत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला हे फार चांगले झाले, पण रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या गाड्यांना त्याचा उपयोग नाही. त्यामुळे कोणी गाडीच्या खाली सतरंजी अंथरतो, कोणी ताडपत्रीवर जाऊन पडतो. शिवाय डिझेलची चोरी हा असा प्रकार आहे, की एकट्या ड्रायव्हरला गाढ झोपणे परवडत नाही. टाकीत नळी घालून डिझेल काढणाऱ्याला फारसा वेळ लागत नाही, आणि नुकसान बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या भत्त्यातून कापले जाते. तेल कंपन्यांनी पंपांवर 'अपना घर' नावाने ड्रायव्हरांसाठी झोपायची, आंघोळीची आणि स्वतःचे जेवण करून घेण्याची सोय केली आहे. सोय चांगली आहे. मात्र ज्याची गाडी भरलेली आहे तो पलंग सोडून केबिनमध्येच पाय दुमडून का झोपतो, हे ज्याने एकदा कापलेला ताडपत्रीचा दोर पाहिला आहे त्याला विचारावे लागत नाही.

मन खऱ्या अर्थाने रमते ते स्वयंपाकात. ढाब्यावरचे जेवण रोज खाल्ले तर पोटही बिघडते आणि भत्ताही उरत नाही, म्हणून पाच किलोचा सिलेंडर, एक पातेले, तवा, पीठ, तांदूळ आणि घरून आणलेली चटणी गाडीत असतेच. कोल्हापूरकराची चटणी म्हणजे कांदा-लसणाचे तिखट, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगितलेले बरे. डिझेलच्या टाकीच्या विरुद्ध बाजूला, चाकाच्या आडोशाने शेगडी मांडायची, वारा फिरला तर फळकुटाचा आडोसा करायचा. तेलात मोहरी, कांदा, मग चटणी, पाणी उकळले की एका हाताने बेसन सोडत दुसऱ्या हाताने हाटायचे. पिठले हा आमचा राष्ट्रीय पदार्थ होण्याचे कारण चव तर आहेच, पण ते हाक येण्याच्या आत होते हे अधिक मोठे. भाताचे तसे नाही. भात अर्धवट असताना नंबर आला, तर गॅस बंद करून झाकण दाबलेले पातेले केबिनमधल्या इंजिनच्या बॉनेटवर ठेवायचे, गाडी पुढे घेऊन लावायची आणि बॉनेटच्या उष्णतेवर तो मुरू द्यायचा. अशा भाताला तळाशी थोडा गिचकेपणा येतो, पण भुकेला तो चालतो.

या स्वयंपाकातूनच ओळखी होतात. अहमदाबादजवळ असलालीला परतीच्या भाड्याची वाट पाहत शेकडो गाड्या उभ्या असतात. तिथे एमएच ०९ ची, म्हणजे कोल्हापूरची, पाटी दिसली की माणूस आपोआप तिकडे वळतो. "कुठली गाडी म्हणायची?" "कागलची." "मग या की पाव्हणं, पिठलं टाकलंय." पुढच्या तासाभरात उसाचा दर, पंचगंगेचे पाणी आणि कोणाच्या मालकाने किती दिवसांचे हॉल्टिंग, म्हणजे थांबण्याचे पैसे, बुडवले, हे सारे बोलून होते. तमिळ ड्रायव्हरांशी भाषा जमत नाही. त्यांच्या रसमाच्या बदल्यात आपली चटणी देऊन काम भागते. त्यांच्यापैकी एकाने ती भातावर चमचाभर घेतली होती आणि नंतर बराच वेळ तो माझ्याशी बोलला नाही.

पत्त्यांचा डाव सगळीकडे चालतो. रमीत माणूस उठला तर डाव मोडतो, म्हणून गेटवर झब्बूसारखे खेळ बरे. एक गेला तरी बाकीचे पुढे खेळू शकतात. तीन पत्ती पैशावर चालते, आणि एका रात्रीत आख्ख्या फेरीचा भत्ता गमावलेली माणसे मी पाहिली आहेत. मोबाइल आल्यावर हा जुगार एकट्याने करण्याची सोय झाली, जी अधिक वाईट होती, कारण बसलेल्या चौघांपैकी एखादा तरी "बास कर आता" म्हणतो, मोबाइल म्हणत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा झाला, त्याचे मी मनापासून स्वागत केले.

राहिला तो प्रश्न, जो लोक आवाज खाली करून विचारतात. दारू आहे, बायांकडे जाणे आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने ट्रकच्या थांब्यांवर खास कार्यक्रम उगाच चालवले नाहीत. पण जो कित्येक आठवडे घरापासून लांब आहे आणि ज्याच्या खिशात रोख पैसे आहेत, अशा कोणत्याही माणसांच्या जमावात जे घडते, तेच इथेही घडते. सगळ्या ड्रायव्हरांना एकाच मापाने मोजणाऱ्यांशी वाद घालण्यात मला आता रस उरलेला नाही.

फोनने मात्र खरोखर सगळे बदलले. पूर्वी रात्री दर उतरल्यावर एसटीडी बूथसमोर रांग लावायची आणि मीटरवरचे आकडे पाहत "बरं हाय, ठेवतो" म्हणायचे. आता ड्रायव्हर पोराचा अभ्यास व्हिडिओ कॉलवर घेतो, कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचा फुटबॉल सामना असला तर तो चित्रदुर्गच्या ढाब्यावर बसून बघतो आणि आपला संघ हरला तर तिथेच शिव्या देतो. याची दुसरी बाजू अशी, की गाडीला जीपीएस असल्याने मालकालाही सारे दिसते, आणि चहाला थांबून पुरते बूड टेकले नाही तोच "गाडी का उभी हाय?" असा फोन येतो. आणखी एक बदल मला खुपतो. पूर्वी सोबत किन्नर असायचा, म्हणजे क्लीनर. पोरगेलेसे असायचे, शिकायचे, त्याला रागवायचे, त्याच्याशी बोलायचे. आता बहुतेक गाड्यांवर एकटा ड्रायव्हर असतो. रील बघत बसलेल्या अशा माणसाला लोक नावे ठेवतात, तेव्हा दिवसभरात त्याच्याशी कोण बोलले असेल याचा विचार त्यांनी केलेला नसतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि जवळजवळ आठवडाभर वाहतूक बंद राहिली. जुलै २०२१ मध्येही महामार्ग काही दिवस बंद होता. गाड्यांच्या रांगा दूरवर लागल्या होत्या. भाजीपाल्याच्या गाड्यांतून वास सुटला, तरी ड्रायव्हर खाली उतरून घरी जाऊ शकत नव्हते. आसपासच्या गावांनी भाकरी-आमटी आणून दिली. त्या दिवसांत आणि एरवीच्या थांबण्यात मला एक फरक दिसला. पाणी उतरल्याशिवाय गाडी हलणार नाही हे सर्वांना ठाऊक होते, त्यामुळे माणसे निवांत झाली होती. कोणी भजन म्हणत होते, एका टँकरवाल्याने रांगेतल्या सगळ्यांची दाढी करून दिली, आणि एक वयस्क ड्रायव्हर चार पोरांना गाठी मारायला शिकवत बसला होता. ही कामे गेटवर कधी होत नाहीत.

म्हणून आता कार्यालयात बसल्यावर मी एक गोष्ट कटाक्षाने पाळतो. बाहेरगावची गाडी आली, की कारखान्यात फोन लावून ती खरोखर कधी भरणार हे आधी विचारून घेतो आणि ड्रायव्हरला ते स्पष्ट सांगतो. "होईल लवकर" असे म्हणत नाही. उद्या सकाळी दहापूर्वी गाडी लागणार नाही असे कळले, की तो आधी तोंडातल्या तोंडात दोन शिव्या देतो, आणि मग विचारतो, की अंबाबाईच्या देवळाकडे केएमटीची कोणती बस जाते. मी त्याला बस सांगतो, मिसळ कुठे खायची तेही सांगतो, आणि चपलांच्या दुकानात पहिल्या भावाला घेऊ नकोस अशी ताकीद देतो. त्याच गावची दुसरी गाडी शेजारी उभी असली तर काम सोपे होते. एक जण दर्शनाला जातो, तोवर दुसरा दोन्ही गाड्यांच्या डिझेलच्या टाक्यांवर नजर ठेवतो, आणि पहिला परत आला की दुसरा निघतो.