मागे उभे आहेत ते कोण?

"पॉज कर, पॉज कर, हा नवाज आहे!" मित्र ओरडला आणि आमचा 'मुन्नाभाई एम.बी.बी.एस.' तिथेच थांबला.

स्टेशनवरचा तो पाकीटमार, म्हणजे नवाजुद्दीन सिद्दिकी. सुनील दत्तचं पाकीट मारतो, पकडला जातो, गर्दी त्याला तुडवायला निघते. मग गायब. झालं, वाद सुरू. एक म्हणे असले रोल करण्यात वर्षं वाया गेली त्याची, दुसरा म्हणे अरे त्यातच तर घडला तो, मग १९९९च्या 'सरफरोश'मधला त्याचा एवढासा सीन निघाला, 'सलाम बॉम्बे'त पत्रं लिहून देणारा इरफान खान निघाला, आणि पिक्चर राहिला बाजूला.

तेवढ्यात कोणीतरी विचारलं, "आणि त्याच्या मागे उभे आहेत ते कोण?"

सगळे गप्प.

२००३ पासून दहा वेळा तरी पाहिला असेल मी हा पिक्चर. पण तिथला नवाज मला दिसला तो २०१२ ला 'गँग्स ऑफ वासेपूर' आल्यावरच. (आता मीही सांगतो, आपल्याला तर तेव्हाच कळलेलं!)

एका सीनपुरता आलेला, नाव माहीत नसलेला पण डोक्यातून न जाणारा असा कोणी तुमचाही आहे का?