मुकुट घातलेली सुकट

बर्गनला उतरलो तेव्हा पाऊस होता आणि तीन दिवसांनी निघालो तेव्हाही होता. आपल्यासारखा कोसळून मोकळा होणारा नव्हे, नुसती पिरपिर. नॉर्वेतल्या या बंदराभोवती सात डोंगर आहेत म्हणतात. फ्लोयेनवर जाणारी, १९१८ पासून चालणारी डोंगररेल्वे आम्हाला तीनशेवीस मीटर वर घेऊन गेली आणि वर धुकं दाखवून परत आणलं. मग काय, मासळीबाजार.

बाजार बंदराच्या अगदी काठाला. दर ऐकून रुपयांत गुणाकार करायचा नाही, असं आमचं घरूनच ठरलं होतं. कोलंबी घेतली. ही बोटीवरच उकडून आणतात, त्यामुळे कवचासकट गुलाबी. सोबत पाव, लिंबू, मेयोनीज. सोलायची आपण. मी सवयीने एकेकीच्या पाठीतला काळा धागा काढत बसले. शेजारच्या आजी डोकं पिरगळायच्या, कवच उतरवायच्या आणि धाग्यासकट तोंडात. माझ्या पाच होईपर्यंत त्यांचा ढीग संपला. चव मात्र काय सांगू! मसाला नाही, तिखट नाही, कोलंबी स्वतःच गोड.

नंतर आलं माशाचं सूप. पांढरं, दाट, दूध आणि सायीचं. आमच्याकडे मासे खाल्लेल्या दिवशी दुधाचा कप दिसला तरी आई ‘कोड येईल हो!’ म्हणून ओरडायची. मी दोन वाट्या प्यायले. अजून तरी काही उठलेलं नाही.

पण खरी गंमत पलीकडच्या ब्रिगेनमध्ये. लाल-पिवळी, एकमेकींवर रेललेली लाकडी घरं. १७०२ च्या आगीनंतर पुन्हा जुन्याच पद्धतीने बांधलेली. १९७९ पासून जागतिक वारसा. मधल्या बोळांत शिरलं की लाकडाचा जुना, ओलसर वास. हे वैभव कशावर उभं राहिलं? सुक्या माशावर! उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांवर कॉड मासे शेपटीला शेपटी बांधून लाकडी मांडवावर टांगतात. मीठ नाही, फक्त गार वारा. आपले बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगतात, एवढाच फरक. चौदाव्या शतकात हान्सा या व्यापारी संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी इथे पेढी थाटली. ते धान्य आणायचे आणि हा मासा युरोपभर न्यायचे. त्यांच्या चिन्हात एका बाजूला अर्धा गरुड आणि दुसऱ्या बाजूला सुका कॉड, डोक्यावर चक्क मुकुट!

आणि पुण्यात मी दोन बोंबील भाजले तर सोसायटीच्या ग्रुपवर ‘कसला वास येतोय?’ सुरू होतं. तेही खिडक्या लावून, एक्झॉस्ट चालू ठेवून भाजलेले.

रात्री अलिबागला आईला फोन लावला. मुकुटाचा फोटो आधीच पाठवला होता.

“म्हणजे सुकटच ना गं ती?”

“सुकटच. पण लाकडासारखी कडक. शिजवायच्या आधी आठवडाभर पाण्यात भिजवतात.”

“आठवडाभर?” आई जरा वेळ गप्प. “मग वाळवली कशाला मेल्यांनी?”