पुढच्या जॅकमधली चरचर आणि माझे सहा महिने

मागच्या उन्हाळ्यात सेल लागला होता म्हणून मी बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो हेडफोन घेतला, २५० ओहमवाला. ओहम म्हणजे काय ते तेव्हा बघितलंच नाही (विजेला होणारा अडथळा, तो जास्त तर आवाजाला व्होल्टेज पण जास्त लागतं), नंबर मोठा म्हणजे माल भारी एवढंच डोक्यात. रात्री साडेदहाला पोरगी झोपली की दीड-दोन तास माझे असतात, कॉम्प्युटरसमोर बसून शास्त्रीय ऐकायचं, बाकी व्यसन नाही.

पहिल्याच रात्री कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला लावला आणि तोंड पडलं. आवाज बारीक, आणि आलापात गायक जरा थांबला की मागून चर्र चर्र, माऊसचं चाक फिरवलं की चरचर बदलते, ब्राउझरमध्ये पेज खाली सरकवलं की किर्र असा वेगळाच सूर लागतो, म्हणजे गायकाबरोबर माझं ग्राफिक्स कार्ड पण रियाज करतंय. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणझण, ऐकायला एवढे पैसे घातले आणि ऐकू काय येतंय तर कॅबिनेट.

मित्राला फोन केला, त्याला या सगळ्याचं भारी वेड. तो म्हणाला, "तुला डॅक लागणार रे, आणि अँप." डॅक म्हणजे कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा आवाज करणारा डबा, अँप म्हणजे तो आवाज मोठा करणारा. झालं, पुढचे दोन महिने मी रोज रात्री गाणी ऐकायची सोडून डॅकचे रिव्ह्यू बघत बसलो. कुठला चिप, किती बिट, ३२ बिट ७६८ किलोहर्ट्झ. आता सीडी असते १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ, त्यातच ९६ डेसिबलची रेंज येते, आणि माझ्याकडची निम्मी रेकॉर्डिंग जुन्या टेपवरून काढलेली, त्यांचा स्वतःचाच खरखराट किती. पण आकडे वाचले की माणूस येडा होतोच.

मध्येच एका शनिवारी बुधवार पेठेत गेलो, पासोड्या विठोबाजवळच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत. दुकानदार म्हणाला, "दादा, एवढा खर्च कशाला करता, हे न्या, ७.१ आहे." १५० रुपयांचं यूएसबी साऊंड कार्ड, बोटाएवढं. आणलं. चरचर गेली, पण तिच्या जागी सलग सूंऽऽ असा आवाज आला, पावसाळ्यात लांबून धबधबा ऐकू यावा तसा. ७.१ म्हणजे आठ चॅनलबिनल काही नसतं त्यात, बाहेर येतात दोनच चॅनल.

खरा शोध लागला तो अपघाताने. पोरीने पुढच्या जॅकमध्ये पेन्सिलीचं टोक मोडून ठेवलं, म्हणून मी नाईलाजाने टेबलाखाली घुसून हेडफोन मागच्या हिरव्या जॅकला लावला आणि चरचर ऐंशी टक्के गायब! मग कॅबिनेट उघडून बघितलं. पुढच्या जॅककडून येणारी बारीक वायर मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत जाते, आणि जाताना थेट ग्राफिक्स कार्डच्या पोटाखालून. त्या वायरला शिल्डिंग नावाला पण नाही, सगळा कचरा ती वाटेत गोळा करत येते. म्हणजे दोन महिने मी ज्याच्यावर उपाय शोधत होतो तो डॅकचा प्रश्नच नव्हता, कुठल्या भोकात पिन घालतो एवढाच होता. विंडोजमध्ये रिअलटेकचं लाऊडनेस इक्वलायझेशन (बारीक-मोठा आवाज एकसारखा करून टाकणारी सोय) पण चालू होतं, ते कधी कोणी चालू केलं देव जाणे, ते बंद केल्यावर जवारी जरा जवारीसारखी वाटायला लागली.

उरलेली वीस टक्के चरचर मात्र मागच्या जॅकवर पण होतीच, रात्रीच्या शांततेत कळायची. म्हणून ॲपलचा छोटा डोंगल घेतला, टाइप-सी टू हेडफोन जॅक, त्यातच बारका डॅक असतो. हजाराच्या आसपास मिळाला. पूर्ण शांत. अक्षरशः काही नाही, गाणं थांबलं की फक्त डोक्यावरचा पंखा. (युरोपात विकतात तो निम्म्या व्होल्टेजचा असतो, तिकडून कोणी आणत असेल तर बघून आणा. आणि अँड्रॉइड फोनला लावलात तर बऱ्याच फोनवर आवाज कमीच येतो, कॉम्प्युटरवर तो त्रास नाही.)

मित्र ऐकायला तयार नाही. म्हणे, "डोंगल आणि माझा फिओ के५ प्रो, जमीन-अस्मानाचा फरक आहे." घेऊनच आला डबा, डॅक आणि अँप एकत्रच असलेला. मी म्हटलं बघूच. दोघांचा आवाज सारखा करायचा तर मोजायला लागतो, कारण जरासा मोठा वाजणारा कायम चांगलाच वाटतो. आणि आपलं साधं पिवळं मल्टीमीटर एसीला २०० व्होल्टच्या रेंजखाली जातच नाही, शेजारचे काका पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचे त्यांच्याकडून चांगलं मीटर आणलं. १०० हर्ट्झचा टोन लावला, हेडफोन लावलेलाच ठेवून दोन्हीकडे व्होल्टेज जुळवलं. मग मी डोळ्याला रुमाल बांधून बसलो आणि बायको नाणं उडवून पिना बदलणार. तिसऱ्या वेळेला ती म्हणाली, "अरे, हे लग्नाआधी सांगायला पाहिजे होतंस." दहापैकी सहा बरोबर आले. नाणं उडवून पाच येतात. मित्राचे पाच आले, तो म्हणाला आज कान बसलेत, सर्दी आहे.

आता इथे गोष्ट संपायला पाहिजे होती, डोंगल झिंदाबाद म्हणून. पण झालं उलटंच.

डीटी ९९० ला एक खोड आहे, ८ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे अगदी बारीक आवाजांत, तो टोचतो. तबल्याची चाट, म्हणजे काठावरचा टणक बोल, कानात सुई घातल्यासारखी लागते आणि गायकाचा 'स' शिट्टीसारखा. त्यावर इक्वलायझर एपीओ नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं, आवाजातला कुठला भाग किती वाजवायचा ते ठरवणारं, ऑटोइक्यू नावाच्या साइटवर या हेडफोनचं तयार सेटिंग मिळतं ते भरलं. टोचणी गेली, खालचा मंद्र भरला, सहा महिन्यांत आवाजात सगळ्यात मोठा फरक याच गोष्टीने पडला आणि याला शून्य रुपये लागले हे मला आधी कोणी का सांगितलं नाही!

फक्त भानगड अशी की खालचा भाग वाढवायचा तर आवाज फाटू नये म्हणून एकूण पातळी खाली घ्यावी लागते, माझ्या सेटिंगमध्ये उणे ६ डेसिबल. ६ डेसिबल म्हणजे व्होल्टेज सरळ निम्मं. डोंगल फुल्ल ठेवला तर साधारण १ व्होल्ट देतो, २५० ओहमला ते ४ मिलीवॉट होतात, कंपनी १ मिलीवॉटला ९६ डेसिबल सांगते म्हणजे कमाल १०२. त्यातून ६ गेले, ९६ राहिले. ऐकायला भरपूर वाटतं, पण ते गाण्याच्या सगळ्यात मोठ्या क्षणाचं. जुन्या मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीचा आलाप त्याच्या तीस-पस्तीस डेसिबल खाली असतो, म्हणजे समोर बसून गप्पा मारतो तेवढा आवाज. आणि हा हेडफोन मागून उघडा, बाहेरचं सगळं ऐकू येतं, आणि पंखा पाचवर! पंखा आणि षड्ज एकाच वेळी ऐकू येतात. नवीन सिनेमाची गाणी आधीच ठासून मोठी केलेली असतात, त्यांना काही अडचण नाही, ती डोंगलवर पण बोंबलतात.

म्हणजे अँप लागतोय ही मित्राची गोष्ट खरी निघाली, फक्त कारण त्याचं नव्हतं. त्याला तो "खुलून येणारा स्टेज" (गायक-वाद्यं समोर पसरून बसल्यासारखी वाटणं) वगैरे ऐकू येतो, मला नाही येत, मला फक्त पंख्याच्या वर जायचं होतं. त्याला पुढचं मॉडेल घ्यायचंच होतं, त्यामुळे के५ प्रो मला ९ हजारात मिळाला. गेन (अँपने आवाज किती पट वाढवायचा तो खटका) मधल्या खुणेवर, नॉब अर्ध्याच्या खाली, पंखा चारवर.

एक किरकोळ वाटेल पण सांगतो. के५ प्रो लावल्यावर त्याच्या धातूच्या बॉडीला हात लागला की मुंग्या यायच्या. मला वाटलं मित्राने बिघडलेला माल गळ्यात मारला. इलेक्ट्रिशियन आला, बोर्ड उघडला तर तीन पिनच्या सॉकेटला अर्थिंगची वायर जोडलेलीच नाही, बिल्डिंग जुनी. कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे आतला पॉवर सप्लाय, अर्थिंग नसेल तर बारीक गळती कॅबिनेटवर सोडतो, तीच यूएसबीच्या वायरीतून अँपपर्यंत आलेली. कॅबिनेटला मी कधी हात लावत नव्हतो, नॉबला रोज लावतो, म्हणून आत्ता कळलं. ३५० रुपये घेतले त्याने, आणि जाताना फ्रिजचं सॉकेट पण बघून गेला, ते पण तसंच होतं.

डोंगल आता ऑफिसच्या लॅपटॉपला असतो. तपकीर गल्लीतलं १५० वालं आईकडे सासवडला दिलं, तिच्या कॉम्प्युटरचं जॅक तुटलंय, तिला अभंग ऐकायला पुरतं आणि सूंऽऽ ऐकू येत नाही म्हणते. पुढच्या जॅकमधलं पेन्सिलीचं टोक अजून तिथेच आहे.