डॉक्टर इतके का ओरडायचे, तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्या जनावरांच्या डॉक्टरांना जाऊन वर्ष होत आलं, तरी भेटेल तो मला एकच विचारतो. हाताला एवढा गुण, मग तोंड इतकं कडक का? म्हैस अडली म्हणून गडी धापा टाकत दारात यायचा आणि डॉक्टर आधी त्याच्यावर खेकसायचे, "किती वाजल्यापासून? ते सांग पहिलं!" मी 18 वर्षं त्यांची पेटी उचलली म्हणून जाब मला विचारला जातो. इतके दिवस मी 'स्वभाव' म्हणून वेळ मारून नेली. तो स्वभाव नव्हता.

म्हशीच्या पिशवीला, म्हणजे गर्भाशयाला, पीळ पडला की सुरुवातीला ती उठबस करते, पोटाला लाथा मारते, शेपूट उडवते. रेडकाआधी बाहेर येणारी पाण्याची पिशवी, पाणमोट, मात्र दिसत नाही. मग कळा मंदावतात आणि घरचे निवांत होतात. दिवस भरले नसतील, सकाळी बघू. घात होतो तो इथंच. आत शिरा आवळलेल्या असतात, पिशवी काळीनिळी पडत जाते, आधी रेडकू मरतं. पहिल्या 12 तासांत पीळ सुटला तर दोन्ही जीव हाती लागायची बरीच आशा असते. 36 तास उलटले की पिशवी आजूबाजूला चिकटायला लागते आणि पीळ सुटला तरी तिचं तोंड उघडेलच असं नाही. म्हणून तो प्रश्न आधी.

आणि तो प्रश्न त्यांच्या घरातला होता. निपाणीला त्यांची आई विड्या वळायची. पानं रात्री भिजवायची, सकाळी पत्र्याच्या साच्यावर कात्रीनं कापायची, वळलेल्या विडीचं तोंड मिटायचं काम पोराकडं. मजुरी हजारावर, त्यातून छाटात गेलेल्या, म्हणजे खराब म्हणून काढलेल्या विड्या वजा. दारातली म्हैस अर्धलीची, म्हणजे निम्म्या वाट्यावर सांभाळायला घेतलेली, मालक दुसराच. डॉक्टर आठवीत असताना ती अडली. दोन दिवस अंगारा, झाडपाला आणि वाट बघणं. औषधवाल्याला आणायचं ठरलं तोवर तिनं मान टाकली होती. मालकाचं देणं फिटायला किती हजार विड्या लागल्या, तो आकडा त्यांनी मला कधी सांगितला नाही. मराठी शाळेतून बेंगळुरूतल्या हेब्बाळच्या जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजापर्यंत ते कसे पोचले, कन्नड तिथं कसं शिकले, ते तुम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे.

गरिबीतून वर आलेला माणूस गरिबावरच ओरडतो, असं कुणी म्हटलं की मी भांडायचो. ओरडा खाल्लेला माणूस पुढच्या खेपेला लवकर येतो, हे माझं ठरलेलं उत्तर. खानापूरच्या जंगलाकडेच्या धनगरवाड्यावरची ती रात्र होईपर्यंत मी ते छातीठोकपणे द्यायचो.

जुलैचा पाऊस, गोठ्यात एक बॅटरी. म्हैस तिसऱ्या वेताची. निरणाची, म्हणजे योनीच्या तोंडाची, एक कड आत ओढलेली. डॉक्टरांनी साबण लावून हात घातला. वाटेच्या भिंतीला स्क्रूच्या आट्यांसारख्या घड्या, उजव्या अंगाला वळलेल्या. म्हशीत बहुतेक वेळा पीळ उजवाच असतो. मग नेहमीचं काम. पुढचे दोन पाय एकत्र, मागचे दोन एकत्र बांधले. तिला उजव्या कुशीवर पाडली. दहा फूट लांब, वीतभर रुंद फळी वरच्या कुशीवर तिरकी ठेवली, खालचं टोक जमिनीवर, त्यावर मी उभा. फळीनं पिशवी जागच्या जागी धरायची आणि म्हशीला तिच्याभोवती फिरवायची, एवढंच ते तंत्र आहे. चार गड्यांनी दोर ओढून तिला उजव्या कुशीवरून पाठीवर, पाठीवरून डाव्या कुशीवर सावकाश घेतली. उलट्या अंगाला फिरवली तर पीळ आणखी आवळतो. फळी जागेवरून सरकली तर पोटाबरोबर पिशवीही फिरते आणि मेहनत वाया जाते. प्रत्येक फेरीनंतर हात घालून बघायचं, मग तिला पोटावरून परत उजवीवर आणायची. परत पाठीवरून आणली तर सुटलेला पीळ पुन्हा बसतो.

तिसऱ्या फेरीला घड्या सुटल्या. हाताबरोबर बाहेर आलं ते तांबूस, वास मारणारं पाणी. पिशवीचं तोंड दोन बोटांपुरतं, पुढं सरकेना. सलाईन लावलं, कॅल्शियमची बाटली काखेत ऊब देऊन अगदी हळू सोडली, कारण ते भरभर गेलं तर काळीज थांबतं. पोट फाडायचं तर पिशवी हाताला ओल्या कागदासारखी लागत होती. पहाटेआधी ती गेली.

"किती वाजल्यापासून?" हे डॉक्टरांनी त्या रात्रीही विचारलं होतं, त्याच आवाजात. म्हातारी तेव्हा गप्प राहिली. आता बोलली. "काल सकाळीच कळलं हुतं मला. पण मागल्या खेपंला लई वराडलासा. म्हटलं आपोआप व्हईल, कशाला बोलणं खायाचं. भ्यालो मी, डॉक्टर."

त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही. पागोळीखाली उभं राहून दोर धुतले. ते काम माझं होतं. मी पुढं झालो तर त्यांनी दोर सोडला नाही. एकेक वेटोळं पिळून काढत बराच वेळ उभे होते.

म्हणजे मी चुकलो होतो का? वर्षभर तेच घोळतंय. ओरड्याला भिऊन किती जण घरी बसले, ते मोजायचं कसं? लवकर आलेले माझ्या डोळ्यांसमोर यायचे, न आलेले दिसायचे नाहीत. पण हेही सांगितलंच पाहिजे. त्या रात्रीनंतर महिनाभर डॉक्टर कुणावर एका शब्दानं चिडले नाहीत. "बसा, पाणी प्या, सांगा," असं म्हणायचे. त्या महिन्यातही तीन म्हशी दुसऱ्या दिवशी आल्या. एकाच्या गावाची शेवटची बस गेली होती, एकाकडं टेम्पोचं भाडं नव्हतं, एकाला कळाच ओळखू आल्या नव्हत्या. तिसरी गेली त्या संध्याकाळी ते पुन्हा ओरडले. आणि त्या गड्याच्या टेम्पोचं भाडं त्यांनी खिशातून दिलं.