पडवी आणि माजघर यांच्यामधले लुगडे

२०२० साली, कोरोनाच्या साथीत, गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती आणि सरकारने चाकरमान्यांचे विलगीकरण चौदा दिवसांवरून दहा दिवसांवर आणले होते, त्यामुळे १२ तारखेच्या आत गाव गाठण्यासाठी मुंबईत एकच धांदल उडाली. माझे धाकटे काकाही त्याच गर्दीत गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी आले. शाळेच्या वर्गांत जागा उरली नसल्याने ग्रामकृती दलाने त्यांना घरातच वेगळे राहण्यास सांगितले. काकांना पडवी दिली, मधुमेह असलेल्या एक्याऐंशी वर्षांच्या आजीला माजघर दिले आणि मधल्या दारात तिचेच एक जुने लुगडे टांगले. परसदारचा संडास मात्र एकच होता. तिसऱ्या दिवशी आजीच लुगडे बाजूला सारून, "जेवलास काय रे?" असे विचारत पडवीत येऊन उभी राहिली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुलडॉर्फ, सुनेत्रा गुप्ता आणि भट्टाचार्य या तीन प्राध्यापकांनी अमेरिकेत 'ग्रेट बॅरिंग्टन जाहीरनामा' प्रसिद्ध केला. सर्वांना कोंडून ठेवण्याऐवजी ज्यांना धोका अधिक त्यांना जपावे, बाकीच्यांनी नेहमीसारखे जगावे, असे त्याचे सार होते. घरी राहणाऱ्या निवृत्तांना किराणा घरपोच मिळावा आणि त्यांनी नातलगांना शक्यतो घराबाहेर भेटावे, असे त्यात सुचवले होते. अनेक पिढ्या एकाच छपराखाली राहतात त्या घरांसाठीही उपाय करता येतील, एवढे म्हणून तो विषय मात्र अर्ध्या वाक्यात संपवला होता. आमचा सगळा प्रश्न नेमका त्या अर्ध्या वाक्यात होता. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कमावते मुंबईत आणि म्हातारी माणसे गावात, ही इथली जुनी घडी आहे. सणाला ती एकत्र येतात तेव्हा धोका असलेले आणि नसलेले एकाच ताटलीतले मोदक खातात. त्याच महिन्यात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विरोधी निवेदनाने समाजाचा एवढा मोठा भाग वेगळा ठेवणे अशक्य आहे असे बजावले, ते मला म्हणूनच पटले.

तरीही सरसकट निर्बंधांची बाजू मी डोळे मिटून घेणार नाही. गावातल्या पहिली ते चौथीच्या मुलांना शाळेचे दार उघडायला डिसेंबर २०२१ उजाडला. तोवर आमच्या वाडीतली मुले रेंजसाठी सड्यावर चढत, आणि पाऊस आला की एकाच छत्रीत तिघेजण फोन कोरडा ठेवायची धडपड करत. ज्यांना या रोगाचा धोका सर्वांत कमी, त्यांच्यावरची बंदी सर्वांत शेवटी उठावी, हे मला आजही उफराटे वाटते.

माझ्या मते निर्बंध सैल करावेत, पण वृद्धांच्या संरक्षणाची व्यवस्था प्रत्यक्ष उभी राहिल्यावर, आधी नव्हे. लस आली तेव्हा हे काही अंशी घडले. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांना आणि सहव्याधी असलेल्या पंचेचाळिशीपुढच्यांना लस मिळू लागली, आणि लक्ष्य ठरवून केलेले संरक्षण म्हणजे काय ते तेव्हा पहिल्यांदा दिसले. लसीआधी आपल्याजवळ काय होते, तर याद्या. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई आमच्याही ओट्यावर आल्या. आजीचे बोट इतके गार होते की ऑक्सिजन मोजायचे यंत्र आकडाच दाखवीना. त्यांनी ते बोट स्वतःच्या तळव्यात धरून ऊब दिली, मग ९६ दिसले. वय, मधुमेह, घरात माणसे किती, सगळे वहीत उतरले. त्या यादीवरून एखादी औषधाची पिशवी किंवा चार किलो तांदूळ घरी येईल, निदान काकांसाठी गावात दुसरी खोली मिळेल, असे आम्हाला वाटले होते. त्यातले काहीच आले नाही. आजीच्या मधुमेहाच्या गोळ्या आणायला दर महिन्याला मीच बाजारपेठेत जात होतो, आणि परत येऊन त्याच माजघरात तिच्या शेजारी जेवायला बसत होतो.