आधी गु. र. नं., मग वकील

घरातल्या कुणाला पोलिसांनी नेलं की पहिले चार फोन "ओळखीचा वकील आहे का" यासाठीच होतात. वकील मिळतोही. तो विचारतो, "पोलीस स्टेशन कुठलं? कलमं काय लागलीत?" आणि सगळे एकमेकांची तोंडं बघतात. कलमं कळल्याशिवाय वकील जे सांगेल तो निव्वळ अंदाज असतो. म्हणून आधी गुन्हा रजिस्टर नंबर, म्हणजे गु. र. नं., आणि फिर्यादीची, म्हणजे एफआयआरची, प्रत मिळवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशामुळे एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी लागते. लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळलेले आहेत. तिथे वकिलामार्फत अर्ज करून प्रत मागता येते. आणि ठाण्यात नुसती "एन. सी." झाली असेल, तर ती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद आहे. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही.

प्रत हातात आली की तीन गोष्टी पाहायच्या: घटनेची तारीख, कलमं आणि त्यांची कमाल शिक्षा. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर जुनी भारतीय दंड संहिता, त्या दिवशीची किंवा नंतरची असेल तर भारतीय न्याय संहिता. फसवणुकीचं सगळ्यांच्या तोंडी असलेलं ४२० आता ३१८(४) झालंय. 'अजामीनपात्र' शब्द वाचून लोकांचा धीर सुटतो. त्याचा अर्थ जामीन मिळत नाही असा नाही. जामीनपात्र गुन्ह्यात तो हक्काने मिळतो, अजामीनपात्र गुन्ह्यात देणं-न देणं न्यायालयाच्या अखत्यारीत असतं, एवढाच फरक. मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) किंवा एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी कायदा) यांसारख्या विशेष कायद्यांची गोष्ट निराळी. तिथे जामिनाच्या अटी फार कडक आहेत आणि त्या कायद्यात रुळलेलाच वकील हवा.

आता वकील. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे, त्यामुळे इंटरनेटवरच्या 'सर्वोत्तम दहा' याद्यांना काडीची किंमत देऊ नये. त्यापेक्षा ईकोर्ट्सच्या संकेतस्थळावर जा, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडा आणि वकिलाच्या नावाने किंवा सनद (वकिलीच्या नोंदणीच्या) क्रमांकाने प्रकरणं शोधा. नावाचं स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघावं लागतं. यादीत आर. सी. सी. (मॅजिस्ट्रेटसमोरचे फौजदारी खटले), सेशन्स केस (सत्र न्यायालयातले खटले), फौजदारी जामीन अर्ज किती आणि दिवाणी दावे किती, ते मोजा. मग दोन-चार खटले उघडून साक्षीपुरावा झालाय का ते पाहा. जामीन झाला की ज्यांची प्रकरणं वर्षानुवर्षं नुसत्या तारखांवर पडून असतात असे वकील बरेच असतात. उलटतपास घेणारे थोडे. तुम्हाला त्या थोड्यांपैकी एक हवा आहे, आणि तो शक्यतो त्याच न्यायालयात रोज उभा राहणारा हवा. मोठ्या शहरातलं मोठं नाव आणलंत तर तारखेला बहुतेक वेळा त्याचा ज्युनिअर मुदत मागतो.

पहिल्या भेटीत जो कागद मागतो तो बरा. जो "साहेब आपल्या ओळखीचे आहेत, काम झालं समजा" म्हणतो, त्याच्याकडून उठून यावं. निकालावर अवलंबून फी ठरवणं, म्हणजे सुटलात तर इतके, हेही नियमबाह्य आहे. फी टप्प्यांनी ठरवा: रिमांड (कोठडीची सुनावणी) आणि जामीन, दोषारोपपत्रानंतरचं (चार्जशीटनंतरचं) काम, साक्षीपुरावा, अंतिम युक्तिवाद. नकला आणि टायपिंग त्यात धरलंय का तेही विचारा, आणि पावती घ्या. पैशांची सोय नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कोठडीत असलेल्या व्यक्तीला, तसंच महिलांना, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन १५१००.

वकिलापासून मात्र काही लपवू नका. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं वकिलाला तुमच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, आणि हे बंधन वकीलपत्र संपल्यावरही राहतं. जी गोष्ट त्याला सरकारी वकिलाच्या तोंडून पहिल्यांदा कळते, ती सावरायला त्याच्याकडे दोन मिनिटंही नसतात.

अटक झाल्यावर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावंच लागतं. अटकेची कारणं सांगावी लागतात. चौकशीच्या दरम्यान वकिलाला भेटता येतं, सबंध चौकशीभर तो शेजारी बसू शकत नाही. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. त्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू निघाली तर त्या शोधापुरता भाग चालतो. म्हणून निवेदन पंचनाम्यावर, म्हणजे आरोपीचं असं सांगणं पंचांसमोर लिहून घेतात त्या कागदावर, न वाचता सही करणं महागात पडतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३५(३) ची, म्हणजे पोलिसांसमोर हजर राहण्याची, नोटीस आली असेल तर तिला घाबरून गाव सोडू नये. नोटिशीप्रमाणे हजर राहिल्यास सहसा अटक होत नाही, न गेल्यास मात्र अटकेला कारण मिळतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे फिर्याद देणाऱ्याला "मिटवून टाकू" म्हणून फोन किंवा व्हॉट्सॲप करणं. तोच मेसेज पुढे 'साक्षीदारावर दबाव' म्हणून जामिनाच्या विरोधात लागतो.

अटकपूर्व जामिनाचा नुसता अर्ज दाखल केल्याने संरक्षण मिळत नाही. सरकार पक्षाचं म्हणणं यायला तारीख पडते, आणि त्या मधल्या दिवसांत अटक होऊ शकते. वकिलाने अंतरिम संरक्षण, म्हणजे अर्जाचा निकाल लागेपर्यंत अटक न करण्याचा आदेश, मागितलंय का, ते त्याच दिवशी विचारा.

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस घरी आला असं नाही. जामीनदार उभा करावा लागतो: ओळखीचा व रहिवासाचा पुरावा, आणि ऐपतीसाठी सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक. सातबारा जुना, नावात एका अक्षराचा फरक, तीन सहहिस्सेदार, अशा कारणांनी कागद परत येतो. जामीनदाराची सोय होईपर्यंत रोख भरण्याची मुभा मागता येते. सुटकेचा आदेश कारागृहात ठरलेल्या वेळेनंतर पोचला तर ती रात्र आतच जाते. म्हणून अर्जावर सुनावणी असते त्याच दिवशी जामीनदार कागदांसह कोर्टात हवा.

एक तारीख घरच्यांनी स्वतः लिहून ठेवावी. तपास ६० दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांत संपून दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हक्काचा होतो. मोजणी पहिल्या रिमांडच्या दिवसापासून, तो दिवस धरून. पण अर्ज करावा लागतो. अर्जाआधी दोषारोपपत्र दाखल झालं की हा हक्क गेला.

दोषारोपपत्राची प्रत मोफत मिळते, आणि खरा बचाव तिथून सुरू होतो. समजा, फिर्याद रात्री १०.४० ला नोंदली आहे आणि घटनास्थळ पंचनामा ९.१५ ते ९.५० असा आहे, पण त्या पंचनाम्यावर गु. र. नं. लिहिलेला आहे. जो नंबर अजून पडलाच नव्हता, तो सव्वानऊच्या कागदावर कुठून आला? असे कागद नंतर ठाण्यात बसून लिहिले, हा युक्तिवाद इथून उभा राहतो. मुद्देमालाचं सील, तो प्रयोगशाळेत नेणारा अंमलदार, मधले दिवस तो कुठे होता, जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण आहे की नाही, हेही याच वेळी तपासायचं.

उलटतपासात सगळ्यात जास्त नुकसान एका तांत्रिक गोष्टीने होतं. साक्षीदार कोर्टात म्हणतो, "आरोपीच्या हातात कोयता होता." पोलीस जबाबात त्याने काठी म्हटलेलं असतं. वकिलाने तेवढा भाग त्याला वाचून दाखवायचा, त्याने नाकारल्यावर जबाबातल्या तेवढ्या भागावर 'पोर्शन मार्क अ' अशी खूण करून घ्यायची, आणि पुढे तपासी अधिकाऱ्याच्या साक्षीत तो शाबीत करायचा. शेवटची पायरी विसरली तर विसंगती कागदावर दिसत असूनही निकालात तिचा उपयोग होत नाही.

वकील बदलायचा झाला तर आधीच्याची ना हरकत घेऊन नवं वकीलपत्र दाखल होतं. फी थकली म्हणून अशिलाची फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलंय. नव्या वकिलाकडे जाताना दोषारोपपत्र, झालेल्या साक्षींच्या नकला आणि रोजनाम्याची (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्या नोंदीची) नक्कल घेऊन जा. कुठल्या तारखेला कोण गैरहजर होतं, ते त्याला रोजनाम्यातच सापडतं.